भरलेली बॅटरी, तापलेली बॅटरी

नवा मोबाइल आणला की तो आधी आठ तास चार्ज करावा आणि पुढेही बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, असा सल्ला घरातले एखादे जाणते माणूस अजूनही देते. हा सल्ला अगदीच निराधार नाही, पण तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी होता. ती अर्धवट वापरून वारंवार भरली, तर तिची क्षमता घटल्यासारखी वाटे. सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि आज फोन, लॅपटॉप, इयरबड या सगळ्यांत तीच असते. तिला ती खोड नाही. उलट वरचेवर पूर्ण रिकामे होणेच तिला मानवत नाही.

या बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, दोन घरांमध्ये ये-जा करत असतात. चार्जिंग करताना ते धातूच्या ऑक्साइडच्या थरांतून निघून ग्राफाइटच्या थरांत शिरतात आणि फोन वापरताना परत फिरतात. अगदी पहिल्या चार्जिंगच्या वेळी काही लिथियमची इलेक्ट्रोलाइटशी, म्हणजे आयन ज्यातून ये-जा करतात त्या द्रावाशी, रासायनिक क्रिया होऊन ग्राफाइटवर एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा आवश्यकच असतो, कारण तो पुढची झीज रोखून धरतो. परंतु तो वर्षानुवर्षे हळूहळू जाड होत राहतो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. दोन वर्षांनी फोन दुपारीच मान टाकू लागतो, त्याचे मोठे कारण हे असते. बॅटरी तापली की ही क्रिया वेग घेते. ती पूर्ण भरलेली असतानाही तिची झीज अधिक होते, कारण तेव्हा सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडा अधिक असतो आणि दोन्ही बाजूंचे पदार्थ इलेक्ट्रोलाइटशी अधिक जोमाने क्रिया करतात. म्हणजे बॅटरी नुसती पडून असली तरी म्हातारी होतच असते, आणि किती वेळा चार्ज केली याइतकेच ती कोणत्या अवस्थेत किती काळ राहिली यालाही महत्त्व असते.

या क्षेत्रात नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे बोलके आहेत. २५ अंश सेल्सिअसला ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दुपारी स्कूटरच्या हँडलवर फोन लावून, नकाशा सुरू ठेवून, वर चार्जिंगची वायरही जोडली, तर ऊन, प्रोसेसर आणि चार्जिंग अशी तिहेरी उष्णता एकाच वेळी बॅटरीवर येते. फोन मध्येच चार्जिंग थांबवतो तो बिघाड नव्हे, तो स्वतःला वाचवत असतो.

बॅटरी ८० टक्के भरली की चार्जिंग थांबवण्याचे पथ्य यातूनच आले आहे. सुरुवातीला चार्जर ठरावीक विद्युतप्रवाह देतो. पुढे दाब कमाल मर्यादेला पोचला की प्रवाह हळूहळू कमी केला जातो. भरत आलेल्या एसटीत शेवटच्या प्रवाशांना जागा शोधायला वेळ लागावा, तसा शेवटचा पाचवा हिस्सा रेंगाळत भरतो. तो सोडून दिला तर वेळही वाचतो आणि आयुष्यही वाढते. मात्र याचे अवडंबर नको. दिवसभराच्या प्रवासाला निघताना बॅटरी खुशाल पूर्ण भरावी. पूर्ण भरण्यापेक्षा भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहणे अधिक बाधते. रात्रभर वायर जोडलेली राहिली तरी आतले सर्किट चार्जिंग थांबवते, त्यामुळे बॅटरी जास्त भरण्याची भीती नसते. तरीही ती पहाटेपर्यंत भरलेलीच राहते, आणि फोन उशीखाली असला तर तापतेही. म्हणूनच अनेक फोन आता ८० टक्क्यांवर थांबून, मालक उठण्याच्या सुमारास उरलेले भरतात.

टेबलावर कायम चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची स्थिती याहून वाईट असते. काही वर्षांनी आत वायू साठून बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो. अशी बॅटरी दाबून बसवू नये, टोचू तर मुळीच नये. वापर थांबवून ती बदलून घ्यावी. जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर तो निम्मा भरून, बंद करून ठेवावा आणि काही महिन्यांनी तपासावा, कारण फार खोल उतरलेल्या बॅटरीत तांब्याची पट्टी विरघळू लागते आणि नंतर ती चार्ज करणे धोक्याचे ठरते.

हे सारे नियम घरातल्या इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीला लावू नयेत. ती उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, म्हणून वीज आल्यावर ती लगेच पूर्ण भरू द्यावी आणि पाणी कमी झाले असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.