सिंगल-ॲटम कॅटॅलिस्ट पावडर: वापरण्याआधी एवढं वाचाच

बरेच ग्राहक विचारतात, अमोनिया तर कारखान्यात शंभरहून जास्त वर्षं बनतोय, मग ही नवीन कॅटॅलिस्ट पावडर (म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारी पावडर) कशाला? बनतोय, पण कारखान्यातल्या त्या पद्धतीत, म्हणजे हेबर-बॉशमध्ये, 400 ते 500 अंश सेल्सिअस आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो, आणि हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायू नाहीतर कोळशातून येतो, म्हणजे कार्बन डायऑक्साईड आलाच. आपल्याला तेच काम विजेवर, पाणी आणि नायट्रोजन घेऊन, साध्या तापमानाला या पावडरच्या मदतीने करायचंय.

अडचण नायट्रोजनची आहे. त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलमागे जवळपास 945 किलोज्यूल लागतात. धातूने त्याला नीट धरलं नाही तर काहीच होत नाही, फार घट्ट धरलं तर तयार झालेला अमोनिया सुटत नाही. म्हणून आम्ही लोखंडाचा एकेक अणू कार्बनमध्ये चार नायट्रोजनच्या मधे बसवतो, आजूबाजूचे अणू बदलले की पकड बदलते, सगळं डिझाईन इथेच आहे. शिवाय धातूच्या कणात आतले अणू नुसते पडून असतात, इथे जवळजवळ प्रत्येक अणू कामाला येतो.

बनवताना झिंक भरपूर आणि लोखंड अगदी थोडं असं घेऊन 900 अंशांच्या वर तापवतो, झिंक वाफ होऊन उडून जातं आणि लोखंडाचे अणू लांब लांब राहतात, मग ॲसिडने धुऊन गोळा झालेले कण काढतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काळ्या पाटीवर खडूची पूड पडावी तसे सुटे पांढरे ठिपके दिसले पाहिजेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. याच विजेवर पाण्यातून हायड्रोजनही निघतो आणि बराचसा करंट तोच खातो, त्यामुळे अमोनिया अगदी थोडा मिळतो, आणि थोडा म्हणजे फसायला सोपा. आमच्याकडेच एकदा अमोनिया असला की निळी होणाऱ्या टेस्टमध्ये मस्त निळा रंग आला, सगळे खूश, मग नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडला, ज्यातून अमोनिया बनूच शकत नाही, तरी तोच निळा. अमोनिया मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे सेलचे दोन भाग वेगळे ठेवणाऱ्या पातळ पडद्यात, आधीपासून अडकलेला होता! हवेतून, ग्लोव्हजमधून, श्वासातूनसुद्धा येतो तो. त्यामुळे आर्गॉनची रन आधी कराच, नंतर नेहमीच्या 14 ऐवजी 15 वजनाचा नायट्रोजन वापरून एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखायची चाचणी) काढा, साध्या नायट्रोजनच्या अमोनियाला तीन रेषा येतात, या जड नायट्रोजनच्या अमोनियाला दोन. तो जड नायट्रोजनचा गॅसही ट्रॅपमधून, म्हणजे अशुद्धी पकडणाऱ्या द्रावणातून, धुऊन घ्या, त्यातले नायट्रोजन ऑक्साईड फार सहज अमोनिया होतात.

रिझल्ट कळवताना आर्गॉनचा आणि नायट्रोजनचा असे दोन्ही आकडे पाठवा, नुसत्या एका आकड्यावरून पावडर कशी चालली ते आम्ही सांगू शकत नाही.