चोरीची शिक्षा संविधानात शोधू नका

सगळे गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा संविधानात लिहिलेल्या असतात, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. भारताच्या संविधानात चोरीची व्याख्याच नाही. ती भारतीय न्याय संहिता या गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याच्या कलम ३०३ मध्ये आहे. संविधान मुख्यतः सरकारला बांधतं: कायदा कोणी करायचा, कुठे थांबायचं.

कलम १७ वरवर अपवाद वाटतं. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे असं ते ठणकावून सांगतं, पण शिक्षा किती हे सांगत नाही. त्यासाठी १९५५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

१९५० मध्ये ब्रिटिशांचे कायदे आपोआप संपले, हेही चूक. कलम ३७२ ने ते चालू ठेवले. १८६० ची दंड संहिता थेट ३० जून २०२४ पर्यंत टिकली. मात्र संविधानाच्या कलम १३ ची चाळणी प्रत्येक कायद्याला लागते: मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा भाग रद्द. दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ त्यातूनच २०१८ मध्ये बाद झालं.

या गोंधळाचा फटका रिट (मुख्यतः सरकारविरुद्ध थेट वरच्या न्यायालयात केलेली याचिका) करणाऱ्यांना बसतो. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून कलम २२६ खाली उच्च न्यायालय गाठलं, तर खाजगी वाद म्हणून याचिका बहुधा फेटाळली जाते. तिथे दिवाणी दावाच लावावा लागतो. मालकीच्या आधारे ताबा मागायची मुदत १२ वर्षं, आणि ती समोरच्याचा ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून मोजतात.