डिस्नेचा महाल आणि शिट्टी वाजवणारा मिकी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये गणेशोत्सवातील प्रश्नमंजूषा असो वा ॲनिमेशनच्या शिकवणीतील तोंडी परीक्षा, 'कोको' हा चित्रपट कोणत्या स्टुडिओने केला, या प्रश्नाला 'डिस्ने, कारण सुरुवातीला महाल दिसतो' हे उत्तर पूर्ण गुण मिळवून जाते, आणि ते चूक आहे; तो पिक्सार या वेगळ्या ॲनिमेशन स्टुडिओचा आहे.

महालाविषयी फार सांगण्याची गरज नाही. १९८५ मध्ये निळ्या पार्श्वभूमीवरील साध्या आकृतीच्या रूपात तो आला आणि २००६ मध्ये नदी, आगगाडी व आतषबाजीसह संगणकावर नव्याने घडवला गेला. मात्र हा नवा महाल प्रथम झळकला तो 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतील दुसऱ्या चित्रपटात, म्हणजे खरेखुरे नट असलेल्या चित्रपटात, ही बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. सगळा गोंधळ येथेच आहे. महाल हे वॉल्ट डिस्ने पिक्चर्सचे, म्हणजे चित्रपट प्रेक्षकांपुढे आणणाऱ्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. चित्रे कोणी हलवली, किंबहुना चित्रपटात चित्रे आहेत की माणसे, याविषयी ते काहीही सांगत नाही. गडकरी रंगायतनच्या बाहेरील फलकावर 'अमुक प्रकाशित, तमुक निर्मित' असे लिहिलेले असते आणि नाटकाचा प्रेक्षक त्या दोन नावांत गल्लत करत नाही. येथे महाल 'प्रकाशित'च्या जागी आहे. 'निर्मित' कोण, हे महालानंतर येणारे दुसरे बोधचिन्ह सांगते, आणि नेमके तेव्हाच प्रेक्षक पॉपकॉर्नमध्ये हात घालतो.

कॅलिफोर्नियातील बरबँक येथील वॉल्ट डिस्ने ॲनिमेशन स्टुडिओज हे स्वतंत्र घर आहे. 'फ्रोझन', 'मोआना', 'एन्कँटो' हे चित्रपट त्याचे, आणि त्याची खूण म्हणजे १९२८ च्या 'स्टीमबोट विली'मध्ये सुकाणू धरून शिट्टी वाजवणारा मिकी. ही खूण २००७ मध्ये 'मीट द रॉबिन्सन्स'पासून आली. त्याआधीच्या, उदाहरणार्थ १९९४ च्या 'द लायन किंग'च्या, आरंभी केवळ महालच दिसत असे, त्यामुळे त्या काळात वाढलेल्यांची समजूत तशीच राहिली, हे मी एक वेळ समजू शकतो. शिवाय २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार विकत घेतल्यावर पिक्सारचे एड कॅटमुल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे दोन्ही स्टुडिओंची सूत्रे आली, पण स्टुडिओ मात्र वेगळेच राहिले.

माझ्या मते महाल आणि मिकी या दोहोंत मिकीचे चिन्ह कितीतरी सरस आहे. कागदावर पेन्सिलीच्या रेषा उमटतात, रेषांतून आकृती होते आणि आकृती हलू लागते. ॲनिमेशन म्हणजे काय, हे काही क्षणांत दिसते, तर महाल केवळ वैभव दाखवतो. 'रेक-इट राल्फ'मध्ये तर हाच मिकी जुन्या व्हिडिओ गेमसारख्या ठोकळ्यांचा होतो. एमरीव्हिल येथील पिक्सारचा, १९८६ च्या 'लक्सो ज्युनिअर' या लघुपटातून आलेला, त्याची खूण बनलेला दिवा सर्वांना ओळखता येतो, म्हणून तो सोडून देतो.

'कोको'मध्ये महालासोबतची परिचित धून मेक्सिकोच्या मारियाची ढंगात वाजते खरी, पण पाठोपाठ उड्या मारत येतो तो दिवाच. वाढदिवसाच्या फलकांवर 'फ्रोझन'मधील एल्साच्या शेजारी हमखास छापली जाणारी 'ब्रेव्ह'मधील मेरिडासुद्धा, राजकन्या असूनही, बरबँकची नसून त्या दिव्याच्याच घरची आहे.