पेरी मेसन आणि द डिफेंडर्स, या दोन वेगळ्या सिरीयल आहेत बरं का

जुनी ब्लॅक अँड व्हाइट अमेरिकन कोर्टाची सिरीयल म्हटलं की आपल्याकडे सरसकट पेरी मेसनच म्हणतात. गोंधळ होणारच म्हणा, द डिफेंडर्सही सीबीएस या अमेरिकन टीव्ही चॅनेलचीच, त्यातही हिरो आरोपीचा वकील, आणि 1961 ते 65 दोन्ही एकाच वेळी चालू होत्या.

पेरी मेसन (1957 ते 66) लॉस एंजेलिसचा. खून होतो, पोलीस भलत्यालाच पकडतात, मग पेरी उलटतपासणीत असा काही घेरतो की खरा खुनी भर कोर्टात स्वतःच कबूल करून मोकळा. सरकारी वकील बर्गर बिचारा जवळपास दर आठवड्याला तोंडावर आपटतो. मजा येते बघायला, पण अशील निर्दोष असणार हे आधीच ठरलेलं, त्यामुळे कायदाच चुकत असेल तर काय, हा प्रश्न तिथे उठतच नाही.

डिफेंडर्समध्ये न्यूयॉर्कचे प्रेस्टन बापलेक, दोघंही वकील. ही सिरीयल लेखक रेजिनाल्ड रोजची, ज्याच्या ट्वेल्व्ह अँग्री मेनवरून आपल्याकडे एक रुका हुआ फैसला आला तोच. इथे बऱ्याचदा आरोपीने ते केलेलंच असतं आणि वाद असतो तो त्याला गुन्हा म्हणायचं का यावर. एप्रिल 1962 चा द बेनिफॅक्टर हा एपिसोड घ्या, त्यातला डॉक्टर बेकायदा गर्भपात करतो कारण त्याची स्वतःची मुलगी अशाच चोरून केलेल्या गर्भपातात गेलेली असते. नेहमीच्या तिन्ही जाहिरातदारांनी त्या एपिसोडमधून अंग काढून घेतलं, शेवटी घड्याळाचे पट्टे बनवणाऱ्या एका कंपनीने जाहिरात दिली. गर्भपाताच्या हक्कावर तिथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो 1973 ला (आपला गर्भपाताला परवानगी देणारा एमटीपी कायदा त्याच्याही दोन वर्षं आधीचा, हे कुणी सांगत नाही). 1964 चा ब्लॅकलिस्ट तर मला सगळ्यात धीट वाटतो, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून वर्षानुवर्षं काम न मिळालेला नट, आणि ही गोष्ट कोण दाखवतंय तर ज्या टीव्ही धंद्याने स्वतः अशा काम न द्यायच्या लोकांच्या याद्या पाळल्या तोच! त्या नटाचं काम करणाऱ्या जॅक क्लगमनला त्यासाठी एमी हे टीव्हीचं बक्षीस मिळालं.

आणि हो, प्रेस्टन केस हरतातही, चांगल्या बऱ्याच हरतात.