मीटर, सेकंद आणि प्रकाशाचा वेग: 1983 च्या निर्णयाची पार्श्वभूमी

भोसरीतल्या टूलरूममध्ये लाकडी पेटीत ओळीने मांडलेले स्लिप गेज असतात. लांबी तपासायचे पोलादाचे हे ठोकळे स्वच्छ पुसून एकमेकांवर दाबत सरकवले की असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचाही उचलला जातो. पेटीबरोबर कॅलिब्रेशनचा दाखला येतो. त्याचा माग काढत गेलं की प्रत्येक टप्प्यावर आधीपेक्षा नेमकी प्रयोगशाळा लागते, आणि सरतेशेवटी हाती येतो एक आकडा: 29,97,92,458. प्रकाश निर्वातात सेकंदाला इतके मीटर जातो. या आकड्यापुढे अधिक-उणे काही लिहीत नाहीत, कारण 1983 पासून तो मोजायचा आकडा राहिलेला नाही, ठरवलेला आहे.

पुण्यात सापेक्षतेवर व्याख्यान झालं की प्रश्नोत्तरांत यावरून शंका निघते. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच भरतो, असं सापेक्षता सांगते. पण तो माणसांनीच ठरवून टाकला असेल, तर सगळ्यांना सारखाच येणार. मग त्यात निसर्गाचं काय? शंका चांगली आहे, आणि तिचं उत्तर इतिहासात आहे.

जुना भाग थोडक्यात. प्रकाशाला पोचायला वेळ लागतो, हे 1676 मध्ये पॅरिसला गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून कळलं. 1887 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला काटकोनातल्या दोन वाटांनी प्रकाश पाठवून तुलना झाली. प्रकाश ईथर नावाच्या सर्वव्यापी माध्यमातून जातो, असं तेव्हा मानत. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरने धावते, तेव्हा दोन वाटांत फरक दिसायला हवा होता. अपेक्षेइतका तो दिसला नाही. आइन्स्टाइनच्या 1905 च्या शोधनिबंधाने ईथर बाजूला ठेवला आणि प्रकाशाचा वेग प्रत्येक जडत्वीय, म्हणजे एकसारख्या वेगाने सरळ चालणाऱ्या, संदर्भचौकटीत तोच, हे गृहीतक म्हणून मांडलं. वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ मंदावणं, पट्टीची लांबी आक्रसणं वगैरे पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

‘चौकट’ शब्दाबद्दल मात्र एक सांगायला हवं. तो ऐकला की दाराची चौकट डोळ्यांपुढे येते, जणू अवकाशात कुठेतरी ती ठोकून बसवली आहे. खरं तर संदर्भचौकट म्हणजे बरोबरीने चाललेल्या मोजपट्ट्या आणि एकमेकांशी जुळवलेली घड्याळं. पट्टी आणि घड्याळ कुणाचं, हाच सगळा प्रश्न असतो. म्हणूनच मला मीटरच्या व्याख्येचा इतिहास सापेक्षता समजायला सर्वांत उपयोगी वाटतो.

1889 पासून मीटर म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमच्या दांड्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर. 1960 मध्ये तो दांडा निवृत्त झाला आणि क्रिप्टॉन-86 च्या नारिंगी प्रकाशाच्या 16,50,763.73 तरंगलांबी म्हणजे मीटर, असं ठरलं. त्याच वर्षी पहिला लेसर चालू झाला, आणि त्याने या नव्या व्याख्येचं आयुष्य फार उरू दिलं नाही. 1972 मध्ये कोलोरॅडोत मिथेनने स्थिर केलेल्या लेसरची वारंवारता आणि तरंगलांबी वेगवेगळी मोजून गुणाकार केला गेला. प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण एका मीटरच्या अनिश्चिततेत आला. आधीपेक्षा सुमारे शंभरपट नेमका.

आता अडसर होता तो मीटरचाच. क्रिप्टॉनच्या प्रकाशाची वर्णपटातली रेषा दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती. तिचा माथा धरायचा की मध्य, हे व्याख्या सांगत नव्हती. लेसर जे दाखवू शकत होता ते वाचायला पट्टीच पुरेशी बारीक नव्हती.

दोन वाटा होत्या. एक म्हणजे क्रिप्टॉनच्या जागी एखादी लेसररेषा बसवायची आणि प्रकाशाचा वेग मोजत राहायचा. दुसरी म्हणजे वेगच गोठवायचा आणि मीटर सेकंदावरून काढायचा. सेकंद 1967 पासून सीझियम अणूच्या प्रारणाच्या 9,19,26,31,770 आवर्तनांवर पक्का बसलेला होताच. पहिल्या वाटेचं आकर्षण मला समजतं: निसर्गातली राशी मोजायची असते, ती जाहीर करायची नसते, असं मन म्हणतं. पण दर काही वर्षांनी आणखी चांगला लेसर आला की मीटर पुन्हा बदलावा लागला असता. 1975 मध्ये आकड्याची शिफारस झाली आणि ऑक्टोबर 1983 मध्ये दुसरी वाट कायम झाली. आकडा असा निवडला की जुना मीटर आणि नवा मीटर जुळावेत. कुठल्याही कारखान्यातला गेज त्या दिवशी लहान किंवा मोठा झाला नाही.

आता व्याख्येचं 1983 मधलं वाक्य बघा. निर्वातात प्रकाश 1/29,97,92,458 सेकंदात जेवढा जातो, ते अंतर म्हणजे मीटर. कुणाचा सेकंद? उगमाचा वेग किती? पट्टी पूर्व-पश्चिम की दक्षिणोत्तर? जानेवारीत की जुलैत? वाक्यात यातलं काहीच नाही. ते गाळता आलं, कारण तोवरच्या प्रयोगांत त्याने फरक पडताना दिसला नव्हता. निसर्ग वेगळा वागत असता, तर एकाच ठोकळ्याची लांबी दिशा बदलली की वेगळी भरली असती आणि ही व्याख्या पहिल्याच वर्षी कोसळली असती. म्हणजे क्लीव्हलंडचा प्रयोग आजही करता येतो, निकालाची भाषा तेवढी बदलते. 2009 मध्ये जर्मनीत काटकोनातल्या दोन प्रकाशीय पोकळ्या (आरशांमध्ये प्रकाश मागेपुढे खेळवणारी साधनं) सावकाश फिरवत ठेवून तो झाला. एकावर सतरा शून्यं इतक्या भागांत एक भाग, इथपर्यंत जाऊनही दिशेचा फरक सापडला नाही. आकडा आपण ठरवला. सगळीकडे तोच येणं आपल्या हातात नव्हतं.

एक मर्यादा मात्र 2002 मध्ये स्पष्ट करावी लागली: ही व्याख्या जागच्या जागी मोजलेल्या लांबीसाठी आहे, गुरुत्वाकर्षणातला फरक नगण्य ठरावा इतक्या लहान पल्ल्यापुरती. सिंहगडाचा माथा पुणे शहराहून सुमारे 750 मीटर उंच. उंचावर गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे घड्याळ किंचित जलद चालतं, म्हणून तिथलं अणुघड्याळ शहरातल्या घड्याळाच्या दिवसाला साधारण 7 नॅनोसेकंद पुढे जाईल. तेवढ्या वेळात प्रकाश दोन मीटर जातो. गडावर गडाचा सेकंद घेऊन मीटर काढा, भोसरीत भोसरीचा. दोन्हीकडे स्लिप गेज तेवढाच भरेल. गडाचा सेकंद घेऊन भोसरीतली लांबी मात्र काढायची नाही.