भरती आणि लाटांपासूनची वीज : अर्थकारण

समुद्राची भरती-ओहोटी, खाड्यांमधले वेगवान प्रवाह आणि लाटा यांपासून वीज काढायला लागणारे भांडवल, त्या विजेचा प्रति युनिट खर्च आणि तिला मिळणारा दर यांचा हा विषय. या नोंदीत समुद्र नसलेल्या सातारा जिल्ह्याचे दाखले वारंवार येतील. फुकटच्या पाण्याची आणि फुकटच्या वाऱ्याची वीज प्रत्यक्षात काय भावाने पडते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा अनुभव कोयनेला आणि चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांच्या पठारांवर साठलेला आहे.

इंधन फुकट म्हणजे वीज स्वस्त, हा समज समुद्राच्या बाबतीत सपशेल खोटा ठरतो. बंधारा, झडपा, टर्बाइन, समुद्रतळावरून किनाऱ्याला येणारी केबल हा जवळजवळ सगळा खर्च पहिले युनिट तयार होण्याआधीच झालेला असतो. पुढे फेडायचे ते मुख्यतः व्याज. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावरचे 240 मेगावॅटचे केंद्र 1966 मध्ये सुरू झाले आणि अजून चालू आहे. कोळशाच्या केंद्राला एवढे आयुष्य क्वचितच लाभते. कर्ज देणाऱ्याला मात्र या दीर्घायुष्याचे कौतुक नसते. 10 टक्के दराने हिशेब मांडला तर 50 वर्षांनंतर हाती येणाऱ्या रुपयाची आजची किंमत एक पैसाही भरत नाही. रान्स उभे राहिले ते फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीच्या बळावर. ब्रिटनमधील स्वान्सी उपसागराचा 320 मेगावॅटचा, सुमारे 130 कोटी पौंडांचा प्रकल्प खर्चाच्या मानाने मोबदला कमी म्हणून सरकारने 2018 मध्ये नाकारला.

पाण्याची उंची

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येते तेव्हा ते 400 मीटरहून अधिक खाली उतरलेले असते. तिथे एका घनमीटर पाण्यापासून साधारण एक युनिट वीज मिळते. रान्सला भरती-ओहोटीतला सरासरी फरक 8 मीटरच्या आसपास, आणि बांधलेले पाणी सोडताना उंची सतत घटत जाते. त्यामुळे तिथे एका युनिटासाठी शंभराहून जास्त घनमीटर पाणी टर्बाइनमधून न्यावे लागते. पाणी जास्त म्हणजे टर्बाइन मोठे, दारे रुंद, काँक्रीट अफाट. शिवाय बंदिस्त खाडीतून मिळणारी ऊर्जा भरतीच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उंची निम्मी झाली की ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते, बंधाऱ्याचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. पोफळी आणि कोळकेवाडीच्या वीजगृहांनंतर कोयनेचे पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळते. तिथली भरती उधाणालाही तीनएक मीटरच चढते. कोकणात बंधारा घालून भरतीची वीज काढण्याचा हिशेब इथेच कोसळतो.

वेळेची किंमत

भरतीच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा मुद्दा असा, की तिचे वेळापत्रक पंचांगासारखे आधी सांगता येते. खरे आहे, वाऱ्याचे तसे सांगता येत नाही. पण आधी ठाऊक असणे वेगळे आणि हातात असणे वेगळे. दोन भरत्यांमध्ये 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. आज संध्याकाळी सातला मिळालेली वीज आठवड्याने मध्यरात्रीनंतर येणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरपूर, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी चढणाऱ्या भरतीला, तुटपुंजी.

कोयनेशी तुलना इथे फार बोलकी आहे. 1960 मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतो; कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी दिलेले आहे. रान्सचा वापर सुमारे चोवीस टक्के, म्हणजे कोयनेपेक्षा किंचित जास्तच. तरी राज्याच्या वीजव्यवस्थेला कोयनेचे युनिट कितीतरी मोलाचे वाटते, कारण शिवसागरातले, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातले, पाणी थांबून राहते. संध्याकाळी मागणी चढली की संच काही मिनिटांत सुरू होतात, रात्री बंद. भरती थांबत नाही. तिच्या विजेला साठवणुकीची जोड द्यायची तर तो खर्चही तिच्याच माथी.

भिंत कुणाची?

स्वस्तात पडलेली सागरी वीज बहुतेक वेळा दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या भिंतीवर उभी असते. दक्षिण कोरियातील सिहवा सरोवराची समुद्रभिंत 1994 मध्ये शेती-उद्योगासाठी पुरी झाली, आतले पाणी सडले, आणि ते खेळते ठेवण्यासाठी बंद भिंत उघडणे भागच होते. तिथे 2011 मध्ये 254 मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. ते जगातील सर्वांत मोठे भरती-वीज केंद्र ठरले. स्पेनमधील मुत्रिकू बंदरात लाटारोधक भिंतीतच हवेच्या कोठड्या ठेवून 296 किलोवॅटची लाट-वीज काढली जाते. सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांतली सहवीजनिर्मिती याच जातीची: बॉयलर साखरेसाठी लागतोच, बगॅस (उसाचे चिपाड) घरचाच, विजेच्या खात्यावर खर्च पडतो तो वरचा.

मोकळ्या समुद्रातल्या लाटांना अशी उसनी भिंत मिळत नाही. तिथे यंत्र कमावते रोजच्या मध्यम लाटांवर, पण बांधावे लागते पन्नास वर्षांतल्या एखाद्या वादळाला पुरेल असे. कमाई आणि मजबुती यांचे हे व्यस्त गणितच लाट-विजेचे मूळ दुखणे आहे. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर 2008 मध्ये बसवलेली पेलॅमिसची तीन यंत्रे (एकूण 2.25 मेगावॅट) काही महिन्यांतच काढावी लागली आणि 2014 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. केरळात विळिंजमला 1991 मध्ये आयआयटी मद्रासने 150 किलोवॅटचे लाट-वीज केंद्र उभारले, ते प्रयोगापलीकडे गेले नाही.

अनुदान कशावर द्यायचे

नवे तंत्र बाजारभावाला टिकत नसेल तर आधार द्यावा लागतो, पण तो कशावर द्यायचा? साताऱ्याच्या पठारांनी याचे उत्तर दोन अंगांनी पाहिले. 1990च्या दशकाच्या अखेरीस पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा दाखवता येत असे, म्हणजे सगळी किंमत उत्पन्नातून वजा करता येत असे. चक्की उभी राहिली की प्राप्तिकर वाचला. पाते किती फिरते हे त्या सवलतीला विचारायचे कारणच नव्हते. ठोसेघरच्या रस्त्याने वर गेले की जाळीदार मनोऱ्यांवरच्या त्या काळच्या छोट्या चक्क्या दिसतात. वाऱ्याच्या उत्तम जागा त्यांनी अडवल्या, ही त्या धोरणाची खरी किंमत. 2003 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने प्रति युनिट 3.50 रुपये आणि 13 वर्षे दरवर्षी 15 पैसे वाढ असा दर ठरवला, आणि तयार झालेल्या युनिटाला महत्त्व आले. केंद्राचे प्रति युनिट 50 पैशांचे प्रोत्साहन 2009 मध्ये आले, तेही वीज मोजून.

ब्रिटनने भरती-प्रवाहाला युनिटवरच आधार दिला. 2022 च्या लिलावात त्या विजेला मेगावॅट-तासाला (हजार युनिटांना) 178.54 पौंड दर मिळाला, तेव्हा समुद्रातल्या पवनचक्क्यांचा दर होता 37.35 पौंड. जवळजवळ पाचपट. भरतीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवली होती, नाहीतर ती लिलावात उभीही राहिली नसती.

भारत

भारतात भरतीची क्षमता खंबातच्या आखातात सुमारे 7000, कच्छच्या आखातात 1200 आणि सुंदरबनात 100 मेगावॅट मानली जाते. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवरच्या 3.75 मेगावॅटच्या प्रकल्पाचा अंदाज 238 कोटी रुपयांवर गेला, म्हणजे मेगावॅटला 63 कोटींहून जास्त. तो सोडून द्यावा लागला. कच्छचा 50 मेगावॅटचा प्रकल्प मेगावॅटला सुमारे 15 कोटींचा होता, तोही खर्चापायी बारगळला. 2020 मध्ये गुजरातच्याच लिलावात सौर वीज 1.99 रुपये युनिटने मिळाली होती. तिच्यापुढे हे प्रकल्प टिकणे शक्य नव्हते. सागरी विजेला निदान बोलणी करता येतील अशी जागा उरते ती लक्षद्वीपसारख्या बेटांवर, जिथे डिझेल जहाजाने न्यावे लागते आणि सौर पॅनेल पसरायला जमीन नसते.