केनियाची परदेशातील प्रतिमा आणि केनियन ब्लॉगर

पूर्व आफ्रिकेतील केनिया हा देश परदेशात कसा दिसावा, हे ठरवण्यासाठी परदेशी वृत्तवाहिन्या, केनिया सरकार आणि सामान्य केनियन ब्लॉगर यांच्यात गेली जवळजवळ दोन दशके ओढाताण चालू आहे. समाजमाध्यमांवर हिरिरीने लिहिणाऱ्या या केनियनांना ‘केनियन्स ऑन ट्विटर’ किंवा थोडक्यात ‘केओटी’ म्हणतात. परदेशी वाहिनीने देशाबद्दल काही वावगे दाखवले की ही मंडळी तिच्यावर तुटून पडतात, एवढीच त्यांची ख्याती बाहेर आहे. पण आपल्याच सरकारची लक्तरे जगापुढे टांगण्याचे कामही याच मंडळींनी केले आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

केनियाची जुनी प्रतिमा दोन रंगांची. एक रंग सफारीचा. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये शिकारीसाठी येथे आले आणि सिंह, हत्ती व तंबूंचा देश हे चित्र पाश्चात्त्य वाचकांच्या मनात पक्के झाले. दुसरा रंग रक्ताचा. ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिशांनी आणीबाणी पुकारली, तेव्हा वसाहतीविरुद्धचा सशस्त्र माऊ माऊ उठाव म्हणजे रानटी टोळ्यांचा हैदोस, असेच ब्रिटिश वृत्तपत्रांतून रंगवले गेले. त्या उठावात मारल्या गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची संख्या ३२ होती. फासावर चढवलेल्या आफ्रिकनांची एक हजाराहून अधिक. पहिल्या आकड्यातल्या प्रत्येकाची बातमी झाली, दुसऱ्याची व्हायला पन्नास वर्षे लागली. या काळात वसाहतीविरुद्ध लेखणी चालवणाऱ्यांत पिओ गामा पिंटो हे नाव महत्त्वाचे आहे. गोव्याच्या कुटुंबात, नैरोबीत १९२७ साली जन्मलेल्या या पत्रकाराचे काही शिक्षण भारतात झाले. १९५४ मध्ये त्यांना पकडून १९५९ पर्यंत स्थानबद्ध ठेवण्यात आले. स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, त्यांच्या घराच्या फाटकापाशी गोळ्या घालून त्यांचा खून झाला.

स्वातंत्र्यानंतर नैरोबी हे परदेशी बातमीदारांचे ठाणे बनले. विमानांची सोय, हवा चांगली, इंग्रजी चालते. त्यामुळे सोमालिया, सुदान, रवांडा या साऱ्यांच्या बातम्या करणारे लोक राहायला नैरोबीत. शेजारच्या युद्धांची सावली केनियावर पडली ती थोडी या व्यवस्थेमुळेही.

२७ डिसेंबर २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर निकालावरून दंगली उसळल्या. अकराशेहून अधिक लोक मेले, सुमारे सहा लाख बेघर झाले. ३० डिसेंबरला सरकारने थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. देशी वाहिन्या गप्प झाल्या आणि परदेशी वाहिन्यांना सगळीकडे ‘जमातींचे युद्ध’ दिसू लागले. मधल्या पोकळीत ब्लॉगर आले. वकील असलेल्या ओरी ओकोलो यांच्या ब्लॉगवर वाचक आपापल्या गावची हकीकत पाठवत होते. ती नोंदवून घेणे एका माणसाच्या आवाक्यात राहीना, तेव्हा कोणीतरी हे सारे नकाशावर मांडावे, असे आवाहन त्यांनी केले. एरिक हर्समन, ज्युलियाना रोटिच, डेव्हिड कोबिया आदींनी काही दिवसांतच संकेतस्थळ उभे केले. नाव ठेवले ‘उशाहिदी’, म्हणजे स्वाहिलीत साक्ष. कुठे घर जाळले, कुठे रस्ता अडवला, कुठे लोकांना आसरा मिळाला हे एसएमएसने कळवायचे आणि ते ठिकाण व तारखेसह नकाशावर उमटायचे. ‘केनिया पेटला’ या मथळ्याला याहून नेमके उत्तर नव्हते, कारण कुठले गाव पेटले आणि कुठले नाही हे त्यात दिसत होते. पुढे हीच प्रणाली २०१० च्या हैती भूकंपात वापरली गेली. त्याआधी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत भारतातल्या एका नागरी उपक्रमानेही ती वापरली. केनियन ब्लॉगरांचे जगाला दिसलेले हे पहिले मोठे काम देशाची बाजू सावरण्याचे नव्हते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सावरण्याचे काम सुरू झाले मार्च २०१२ मध्ये. नैरोबीतल्या मचाकोस बसस्थानकावर हातबाँब फेकले गेले. सीएनएनच्या पडद्यावर या बातमीखाली ‘केनियात हिंसाचार’ अशा अर्थाची पट्टी झळकली. झाले! एका बसस्थानकावरचा हल्ला म्हणजे अख्खा देश नव्हे, हे सांगण्यासाठी ‘समवन टेल सीएनएन’, म्हणजे ‘कोणीतरी सीएनएनला सांगा’, हा हॅशटॅग निघाला आणि जगभर चालला. वाहिनीच्या नैरोबीतल्या बातमीदाराने पट्टी चुकल्याचे मान्य केले आणि ती चित्रफीत काढून टाकण्यात आली. सामान्य लोकांनी फोनवरून बलाढ्य वाहिनीला माघार घ्यायला लावली, याची नशा पुढे बरीच वर्षे टिकली.

वर्षभराने, ४ मार्च २०१३ च्या निवडणुकीआधी, त्याच वाहिनीने रिफ्ट व्हॅलीत लढाईची तयारी करणारे काही पुरुष दाखवले. हातबनावटीच्या बंदुका घेऊन ते गवतात लोळण घेत होते. ही चक्क नाटकाची तालीम आहे म्हणून केनियनांनी वाहिनीची रेवडी उडवली. फ्रान्स २४ च्या एका निवेदकाने केनियातली थरारक दृश्ये दाखवणार असल्याचे जाहीर करताच लोकांनी त्याच्या नावाचा हॅशटॅग करून रोजच्या जगण्यातली ‘थरारक’ छायाचित्रे त्याला धाडली. विनोद फर्मास होता. पण याच निवडणुकीत केनियाची स्वतःची वृत्तपत्रे आणि वाहिन्या शांततेच्या नावाखाली इतकी जपून वागली की मतदार ओळखण्याची यंत्रे ठिकठिकाणी बंद का पडली, हा साधा प्रश्नही त्यांनी हळू आवाजात विचारला. देशाची अब्रू राखण्याच्या भरात प्रश्न विचारायचे राहून जातात, ते असे.

या अब्रूला रोख किंमतही आहे. २१ सप्टेंबर २०१३ रोजी नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवरील हल्ल्यात ६७ जण, तर २ एप्रिल २०१५ रोजी गारिसा विद्यापीठावरील हल्ल्यात १४८ जण मारले गेले. दरम्यान मे २०१४ मध्ये ब्रिटनने प्रवासाबाबत इशारा दिला आणि मोंबासाच्या किनाऱ्यावरचे ब्रिटिश पर्यटक सुट्टी अर्धवट टाकून परतले. हॉटेले ओस पडली, कामगार घरी बसले. महाराष्ट्रातल्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत केनिया म्हणजे मसाई मारा आणि नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप. मराठी हौशी छायाचित्रकारांच्या पानांवरही तेच. नैरोबी हे त्यांच्या लेखी विमान उतरण्याचे ठिकाण. हे चित्र खोटे नाही, मात्र त्यात माणसे फारशी नाहीत.

जुलै २०१५ मध्ये बराक ओबामा केनियाला निघाले, तेव्हा सीएनएनने त्यांच्या वडिलांच्या या देशाला ‘दहशतीचे आगर’ म्हटले. हॅशटॅग पुन्हा उसळला. आगर खरे, पण चहाचे, धावपटूंचे, मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे, अशी उत्तरे लोकांनी दिली. केनियाच्या पर्यटन मंडळाने वाहिनीवरची जाहिरात मोहीम थांबवली. ऑगस्टमध्ये वाहिनीचे वरिष्ठ अधिकारी टोनी मॅडॉक्स यांनी नैरोबीला येऊन राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांची माफी मागितली. ती हॅशटॅगमुळे आली की हुकलेल्या जाहिरातींमुळे, याचा निवाडा सोपा नाही. जाहिरातींचा वाटा लहान नसावा.

१५ जानेवारी २०१९ रोजी नैरोबीतल्या ड्युसिट हॉटेलच्या संकुलावर हल्ला झाला आणि २१ जण गेले. न्यूयॉर्क टाइम्सने टेबलांवर निपचित पडलेल्या मृतांचे छायाचित्र छापले. अमेरिकेतल्या हल्ल्यात असे छापले असते का, हा केनियनांचा सवाल बिनतोड होता. केनियाच्या माध्यम परिषदेनेही छायाचित्र हटवण्याची मागणी केली. वृत्तपत्राने आपले नियम सर्वत्र सारखेच असल्याचे सांगितले. लोकांना ते पटले नाही. मात्र सगळा रोष वृत्तपत्राच्या ज्या बातमीदार बाईंवर निघाला, त्यांनी ते छायाचित्र निवडलेच नव्हते. तिला देशाबाहेर काढा इथपासून वंशावरून शिवीगाळीपर्यंत मजल गेली. झुंडीचे बळ आणि झुंडीचा आंधळेपणा एकाच दिवशी दिसला.

प्रतिमा कशी फुगते याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे नैरोबीतली किबेरा वस्ती. ‘आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, लोकसंख्या दहा लाख’ हे वाक्य परदेशी बातम्यांत आणि मदतसंस्थांच्या पत्रकांत वर्षानुवर्षे फिरत राहिले. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत तिथे १,७०,०७० माणसे भरली. मोजणीवर शंका घेणारे आहेत. पण शंका कितीही ताणली तरी दहा लाख गाठणे अवघड. आकडा मोठा राहण्यात अनेकांचे हित होते, ते परदेशी वाहिन्यांचे तसे स्थानिक संस्थांचेही. गंमत अशी की अधिकृत नकाशांत ही वस्ती कोरी होती. २००९ मध्ये ‘मॅप किबेरा’ उपक्रमात तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि शौचालये, दवाखाने, शाळा, पाण्याचे नळ नकाशावर आणले. वस्तीतले बातमी देणारे लोकही त्यातूनच तयार झाले.

सरकारला यातले सीएनएनशी भांडणारे ब्लॉगर आवडतात, उरलेले नाहीत. मे २०१८ मध्ये केनियाने संगणक गैरवापर व सायबर गुन्हे कायदा केला. त्यात ‘खोटी माहिती’ प्रसिद्ध करणे गुन्हा ठरले. केनियन ब्लॉगर संघटना न्यायालयात गेली, वादग्रस्त कलमांना स्थगिती मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने मात्र कायदा उचलून धरला.

जून २०२४ मध्ये करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. टिकटॉकवर विधेयकाची कलमे स्थानिक भाषांतून समजावली गेली. २५ जूनला निदर्शक संसदेत घुसले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तो फोनवरून जगाने पाहिला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करणार नसल्याचे जाहीर केले. एप्रिल २०२५ मध्ये बीबीसीने या गोळीबारावर माहितीपट काढून, लोकांनीच टिपलेल्या दृश्यांच्या आधारे गोळ्या झाडणारे हुडकले. देशाच्या बदनामीची जुनी तक्रार या वेळी सत्ताधारी गोटातून आली. बहुतेक ‘केओटी’ बीबीसीच्या बाजूने होते.

जून २०२५ मध्ये अल्बर्ट ओजवांग या शिक्षक व ब्लॉगरला, एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर टीका करणाऱ्या मजकुरावरून, होमा बे भागातल्या घरातून पकडून नैरोबीला आणले गेले. कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने स्वतःच भिंतीवर डोके आपटले, असे पोलिसांनी सांगितले. शवविच्छेदनात मारहाणीच्या आणि गळा आवळल्याच्या खुणा आढळल्या. निदर्शने वाढल्यावर तो अधिकारी चौकशी होईपर्यंत पदापासून बाजूला झाला.